ट्रकचं लायसन्स घेऊन परदेशी निघताना: खान्देशातल्या चालकांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जळगाव, धुळे, नंदुरबार या तीन जिल्ह्यांतून दुबई, सौदी, कॅनडा, पोलंड, जर्मनीकडे निघालेल्या चालकांकडून पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. एका उत्तरात सांगितलेलं दुसऱ्यात परत सांगितलेलं नाही, त्या जागी प्रश्नाचा क्रमांक दिला आहे. शुल्क आणि मुदती बदलत असतात, म्हणून अर्ज भरायच्या दिवशी त्या त्या सरकारी संकेतस्थळावर एकदा बघून घ्या.

१. माझं एमएच-१९ चं ट्रकचं लायसन्स आहे. ते परदेशात ट्रान्सफर करून मिळतं का?

आपल्याकडचे लोक जिथे जास्त जातात, म्हणजे आखाती देश, कॅनडा, ब्रिटन, जर्मनी, पोलंड, अमेरिका, तिथे भारतीय जड वाहनाचं लायसन्स जमा करून त्याच वर्गाचं स्थानिक लायसन्स थेट हातात मिळत नाही. परीक्षा द्यावीच लागते. बहुतेक ठिकाणी आधी कारचं लायसन्स, मग ट्रकचं, आणि युरोपात त्यावर व्यावसायिक चालकाची वेगळी पात्रता, असा क्रम असतो. ‘परीक्षेशिवाय बदलून देतो’ असं कुणी सांगत असेल तर आधी प्रश्न १७ वाचा.

२. मग इथल्या लायसन्सचा तिकडे उपयोग काय?

उपयोग आहे, आणि तो पैशात मोजता येण्यासारखा आहे. जुना अनुभव सिद्ध झाला तर काही देशांत प्रशिक्षणाचे सक्तीचे तास कमी होतात, काही ठिकाणी शिकाऊ लायसन्सचा थांबण्याचा काळ माफ होतो, जर्मनीत तर ड्रायव्हिंग स्कूलचे सक्तीचे तास न घेता थेट परीक्षेला बसता येतं. नोकरी देणारी कंपनीही जड वाहनाची वर्षं मोजूनच पगार ठरवते. थोडक्यात, तिकडे तुमच्या कार्डापेक्षा कार्डामागच्या तारखा जास्त चालतात. त्यामुळे खरी मेहनत इथे, निघण्याआधी, कागदांवर करायची असते.

३. निघण्याआधी इथून कोणते कागद काढून ठेवायचे?

सगळ्यात महत्त्वाचा कागद लायसन्सचा उतारा. परिवहन खात्याच्या सारथी पोर्टलवर ‘डीएल एक्स्ट्रॅक्ट’ नावाची सेवा आहे. त्यात कोणता वर्ग कोणत्या तारखेला जोडला गेला हे येतं. आरटीओचा सही-शिक्का असलेली प्रत मागून घ्या, कारण घरच्या प्रिंटरवर काढलेला कागद परदेशी कार्यालय मानेलच असं नाही.

दुसरा कागद अनुभवाचं पत्र. ‘हा चालक आमच्याकडे होता, वागणूक चांगली’ एवढं लिहिलेलं पत्र कुचकामी. कधीपासून कधीपर्यंत, गाडीचा नंबर, गाडीचं एकूण वजन किलोत, चाकं किती, ट्रेलर की रिजिड (एकसंध ट्रक), कोणता मार्ग, कोणता माल, हे सगळं लेटरहेडवर इंग्रजीत हवं. वजन लिहून घेण्याचं कारण असं: १९९४ च्या दुरुस्तीनंतर आपल्या कायद्यात मध्यम आणि जड मालवाहू असे वेगळे वर्ग न ठेवता सगळं ‘ट्रान्सपोर्ट’ या एका वर्गात घेतलं गेलं. कार्डावर नुसतं ‘ट्रान्स’ दिसलं तर परदेशातल्या माणसाला कळत नाही की तुम्ही टॅक्सी चालवत होता की सोळा टायरी.

स्वतःचीच गाडी असेल तर पत्र कोण देणार? अशा वेळी आरसी, परमिट, विम्याच्या पॉलिसी, फास्टॅगचं स्टेटमेंट आणि बिल्ट्या (मालाच्या पावत्या) वर्षानुसार लावून ठेवा. रावेर-सावद्याहून केळी घेऊन दिल्लीला जाणाऱ्या मालक-चालकांकडे बिल्ट्यांचे गठ्ठे असतात. त्यातल्या चालकाचं नाव आणि गाडी नंबर स्वच्छ वाचता येणाऱ्या बिल्ट्या तेवढ्या निवडून घ्या, सगळं पोतं नको. क्लीनर म्हणून काढलेली वर्षं कुठेच धरली जात नाहीत, ती पत्रात घुसवू नका.

याशिवाय पोलीस क्लिअरन्स सर्टिफिकेट (पासपोर्ट सेवा पोर्टलवरून), दहावीचं किंवा शाळा सोडल्याचं प्रमाणपत्र, आणि लायसन्सच्या दोन्ही बाजूंच्या रंगीत प्रती. डिजिलॉकरमधलं लायसन्स इथल्या नाकाबंदीवर चालतं, परदेशात मूळ कार्डच मागतात. अपोस्टिल (कागद खरा असल्याचा, करारातले देश मानतात तो सरकारी शिक्का) लागेल का, हे देशावर आणि कागदावर अवलंबून आहे. कॅनडा जानेवारी २०२४ पासून, सौदी डिसेंबर २०२२ पासून अपोस्टिल मानतात. संयुक्त अरब अमिरातीला मात्र दूतावासाचं अटेस्टेशन लागतं. मागितल्याशिवाय कागदांवर शिक्के मारत बसू नका, प्रत्येक शिक्क्याचे पैसे जातात.

४. आयडीपी काढलं तर तिथे लगेच ट्रक चालवता येईल ना?

नाही. आयडीपी म्हणजे इंटरनॅशनल ड्रायव्हिंग परमिट हे तुमच्या भारतीय लायसन्सचं अनेक भाषांतलं रूप आहे, वेगळं लायसन्स नव्हे. ते पाहुण्याच्या सोयीसाठी असतं. नोकरीच्या व्हिसावर गेलात आणि रहिवासी झालात की त्याचा उपयोग जवळपास संपतो, आणि पगारी ट्रकचालक म्हणून तर त्याच्यावर विसंबूच नका.

तरीही सुरुवातीच्या दिवसांत ओळख म्हणून ते बरं पडतं. सारथीवर अर्ज, शुल्क १,००० रुपये, मुदत एक वर्ष किंवा मूळ लायसन्स संपेपर्यंत, यातलं जे आधी येईल ते. भारत ते १९४९ च्या करारानुसार देतो. हातात आल्यावर पहिलं काम म्हणजे शिक्के तपासणं. त्यात ‘बी’ म्हणजे कार आणि ३,५०० किलोपर्यंतची मालवाहू, ‘सी’ म्हणजे त्याहून जड ट्रक, ‘ई’ म्हणजे ट्रेलर. ट्रान्सपोर्टचा वर्ग असूनही नुसता ‘बी’चा शिक्का पडला असेल तर खिडकी सोडण्याआधीच दाखवा.

५. मी पंधरा वर्षं ट्रक चालवतोय, पण कार्डावर दोन वर्षांपूर्वीची तारीख दिसते. अनुभव दोनच वर्षांचा धरतील का?

धरतात, आणि अर्ज फसण्याचं हे नेहमीचं कारण आहे. नूतनीकरणानंतर नवं कार्ड आलं की त्यावर नवी तारीख ठळक दिसते. ट्रान्सपोर्टचं लायसन्स २०१९ च्या दुरुस्तीपासून पाच वर्षांचं आणि त्याआधी तीन वर्षांचं असायचं, म्हणजे आपल्या चालकाचं कार्ड सारखं नवं होत असतं. परदेशातला अधिकारी ठळक तारीख वाचतो आणि पुढे जातो.

उपाय म्हणजे प्रश्न ३ मधला उतारा आणि जुन्या कार्डांच्या प्रती. मात्र अनुभव ट्रान्सपोर्टचा वर्ग जोडला त्या तारखेपासूनच मोजला जाईल, पहिल्या मोटारसायकलच्या लायसन्सपासून नाही.

६. लायसन्सवर ‘पाटील राजेंद्र भिका’ आणि पासपोर्टवर ‘राजेंद्र भिका पाटील’. चालेल का? जन्मतारीखही वेगळी आहे.

नावांचा नुसता क्रम उलटा असेल तर बहुधा भागतं. स्पेलिंगमध्ये फरक, वडिलांचं नाव गाळलेलं, किंवा एकीकडे पाटील आणि दुसरीकडे मूळ आडनाव असेल तर अडतं. दुरुस्ती नेहमी लायसन्समध्ये करा. पासपोर्टला हात लावला की व्हिसा, तिकीट, करारपत्र सगळं हलतं. आडनावच वेगळं असेल तर महाराष्ट्र शासनाच्या राजपत्रात नावबदल प्रसिद्ध करून ती प्रत जोडावी लागते.

जन्मतारखेचा घोळ गावाकडे ठरलेला. शाळेत घालताना गुरुजींनी १ जून लिहिलं, तेच दाखल्यावर आणि पासपोर्टवर आलं, लायसन्सवर मात्र एजंटाने भलतंच भरलं. शाळेचा दाखला आणि पासपोर्ट जुळत असतील तर त्याच तारखेप्रमाणे लायसन्स दुरुस्त करून घ्या. हे काम दोन-चार दिवसांत होईल असं समजून तिकीट काढू नका. नवं कार्ड टपालाने नोंदवलेल्या पत्त्यावर येतं, घर बंद असलं तर परत जातं.

७. राहतो शिरपूरला, पण लायसन्स सेंधव्याचं (किंवा सुरतचं) आहे. अडचण येईल का?

लायसन्स खरं असेल तर भारतातलं कुठलंही चालतं. अडचण पडताळणीत येते. परदेशी कंपनी किंवा वकिलात ज्या कार्यालयाने लायसन्स दिलं त्याच्याकडे विचारणा करते, आणि उतारा काढायलाही तिकडेच जावं लागतं. वेळ असेल तर पत्ता बदलून नोंद आपल्या आरटीओकडे घ्या. कधीच न पाहिलेल्या राज्याचं, एजंटाने घरपोच आणून दिलेलं लायसन्स असेल तर ते घेऊन निघूच नका. ते खोटं ठरलं तर नोकरी जाईलच, शिवाय तिथे फसवणुकीचा गुन्हा लागू शकतो.

८. जुनं पुस्तकी लायसन्स आहे, सारथीवर नंबर टाकला तर काहीच दिसत नाही.

तुमची नोंद संगणकात चढलेली नाही. मूळ आरटीओत जाऊन बॅकलॉग एंट्री करून घ्या. जुन्या नोंदवहीतलं पान सापडावं लागतं, म्हणून हे काम सगळ्यात आधी काढा. नोंद झाल्यावर स्मार्ट कार्ड आणि उतारा दोन्ही घ्या. मराठी शेरे असलेल्या पुस्तकाचं युरोपात अधिकृत भाषांतर मागतात, कार्डामुळे त्यातलं बरंच टळतं.

९. दुबई किंवा सौदीला ट्रक चालवायचा आहे. नेमकं काय होतं?

अमिरातीत भारतीय लायसन्सवर फाइल उघडावी लागते: एमिरेट्स आयडी, डोळ्यांची तपासणी, थिअरी, यार्डमधली परीक्षा, मग रस्त्यावरची. थिअरीला हिंदी निवडता येते, तेव्हा इंग्रजी कच्चं म्हणून घाबरू नका. दुबईत प्रशिक्षणाशिवाय एकदाच थेट रोड टेस्ट देण्याची जी संधी ऐकता, ती हलक्या वाहनांपुरती समजा. त्या भरवशावर ट्रकच्या नोकरीचा हिशोब मांडू नका.

सौदीत व्हिसा आणि इकाम्यावरचा (तिथल्या रहिवासी परवान्यावरचा) व्यवसाय बघा. तिथे जड वाहनचालक लिहिलेलं नसेल, मजूर किंवा घरगुती चालक असेल, तर ट्रकचं लायसन्स अडतं. ‘तिथे गेल्यावर बदलून देऊ’ हे तोंडी आश्वासन घेऊन विमानात बसू नका. प्रशिक्षण, परीक्षा आणि नापास झाल्यास फेरपरीक्षा यांचा खर्च कंपनी करणार की पगारातून कापणार, आणि पास होईपर्यंत पगार मिळणार का, हे करारात लिहून घ्या. कोरं करारपत्र दिसायला छान असतं, पण भांडण नेमकं या दोन ओळींवरून होतं.

१०. कॅनडात ‘एमईएलटी’ म्हणतात ते काय? अनुभव असला तर माफ होतं का?

ती नव्या ट्रकचालकांसाठीची सक्तीची प्रशिक्षण योजना. प्रत्येक प्रांताची वेगळी: ओंटारिओत क्लास ‘ए’साठी किमान १०३.५ तास, मॅनिटोबात १२१.५, ब्रिटिश कोलंबियात एअर ब्रेकसह १४०. भारतातला ट्रकचा अनुभव आहे म्हणून हे तास आपोआप माफ होत नाहीत, तेवढं बजेट धरूनच निघा.

अनुभव उपयोगी पडतो तो त्याच्या आधीच्या पायरीवर. ओंटारिओत ट्रकच्या लायसन्सआधी कारचं पूर्ण ‘जी’ लायसन्स लागतं. नवख्या माणसाला त्यासाठी ‘जी-१’, ‘जी-२’ असे टप्पे आणि मध्ये थांबण्याचा काळ असतो. दोन वर्षांहून जास्त अनुभव अधिकृत कागदाने दाखवला तर थेट ‘जी’च्या परीक्षेला बसता येतं. प्रश्न ३ मधला उतारा इथे अक्षरशः महिने वाचवतो. भारतीय लायसन्सवर ओंटारिओत नवागताला ६० दिवस गाडी चालवता येते, पण ती स्वतःची कार, कंपनीचा ट्रक नव्हे.

११. पोलंड-लिथुआनियाच्या कंपन्या बोलावतात. युरोपात एकदा लायसन्स मिळालं की सगळीकडे चालतं ना?

युरोपीय संघाच्या एका देशाचं लायसन्स संघभर चालतं, हे खरं. पण ते मिळवायला त्या देशात वर्षातले किमान १८५ दिवस राहणं दाखवावं लागतं. नुसत्या लायसन्सवर व्यावसायिक ट्रकही चालत नाही. ‘कोड ९५’ म्हणजे चालकाची व्यावसायिक पात्रता लागते. पूर्ण अभ्यासक्रम २८० तासांचा, वेगवान १४० तासांचा, आणि नंतर दर पाच वर्षांनी ३५ तासांची उजळणी. त्याशिवाय टॅकोग्राफचं (गाडी किती वेळ चालवली हे नोंदवणाऱ्या यंत्राचं) चालक-कार्ड, आणि संघाबाहेरच्या नागरिकाने सीमा ओलांडून माल नेताना ‘ड्रायव्हर अटेस्टेशन’. हे शेवटचं कंपनीने काढायचं असतं. कंपनीला ते माहीतच नसेल तर तिथेच शंका घ्या.

जर्मनीत भारतीय लायसन्स रहिवासी झाल्यापासून सहा महिने चालतं, त्यानंतर थिअरी आणि प्रात्यक्षिक दोन्ही परीक्षा. ट्रकच्या वर्गासाठी आरोग्य आणि डोळ्यांचे अहवाल, तसंच प्रथमोपचाराचा कोर्स. भाषा हा तिथला खरा घाट आहे. व्यावसायिक पात्रतेच्या तयारीसाठी वाचून कळेल इतकी जर्मन इथूनच शिकून जा.

टॅकोग्राफबद्दल एक गोष्ट. दिवसाला नऊ तास ड्रायव्हिंग, आठवड्यात दोनदा दहापर्यंत, साडेचार तासांनंतर ४५ मिनिटांची विश्रांती. धुळ्याहून निघून नवापूर-सुरत करत रात्रभर गाडी हाणायची सवय तिथे थेट दंडात जाते, कारण प्रत्येक मिनिट कार्डावर नोंदलं जातं.

१२. ब्रिटनमध्ये आपल्यासारखं डावीकडून चालवतात, मग तिथे तरी सोपं असेल?

स्टिअरिंग सोपं, कागद नाही. भारतीय लायसन्सवर रहिवाशाला १२ महिने कार चालवता येते, लॉरी नाही. ब्रिटिश प्रोव्हिजनल (शिकाऊ) लायसन्स, कारची परीक्षा, मग वैद्यकीय अहवाल जोडून लॉरीचं प्रोव्हिजनल, मग ‘सी’ (ट्रक) किंवा थेट ‘सीई’ची (ट्रेलरसह) परीक्षा, आणि ड्रायव्हर सीपीसीचे, म्हणजे व्यावसायिक पात्रतेचे, चार भाग. २०२१ पासून ‘सी’ची पायरी गाळून थेट ट्रेलरची परीक्षा देता येते, एवढी सवलत आहे.

१३. आणि अमेरिका?

जड वाहनासाठी तिथे फक्त कॅनडा आणि मेक्सिकोचं लायसन्स मानतात. बाकीच्यांना सीडीएलची, म्हणजे तिथल्या व्यावसायिक वाहन लायसन्सची, पूर्ण प्रक्रिया. २०२५ पासून इंग्रजी बोलता-वाचता न येणाऱ्या चालकाला तपासणीत गाडीवरून उतरवतात, आणि परदेशी नागरिकांना सीडीएल देण्याचे नियमही कडक झाले आहेत.

१४. मनमाड-पानेवाडीहून टँकर भरतो. धोकादायक मालाचा शेरा तिकडे चालेल का?

शेरा चालत नाही, अनुभव चालतो. युरोपात ‘एडीआर’ हे वेगळं प्रमाणपत्र, मुदत पाच वर्षं, टँकरसाठी त्यात जादा भाग. भारतात या शेऱ्याची मुदत तीन वर्षं आहे आणि नूतनीकरणाला एक दिवसाचं प्रशिक्षण लागतं. निघताना तो चालू असेल असं बघा आणि अनुभवपत्रात पेट्रोल, डिझेल की एलपीजी हे वेगवेगळं लिहून घ्या.

१५. ट्रक चालवता येतो, तरी तिथल्या परीक्षेत आपली माणसं नापास का होतात?

गाडी हाकता येत नाही म्हणून सहसा होत नाहीत. सवयी आड येतात.

पहिली, उताराला न्यूट्रल. कन्नड घाटात किंवा लळिंगला डिझेल वाचवायला जे करतात, ते परीक्षकासमोर केलं की तिथेच नापास. गिअर तुटला की इंजिनाचा आणि एक्झॉस्ट ब्रेकचा आधार जातो, सगळा भार चाकांच्या ब्रेकवर येतो आणि तापलेले ब्रेक पकडत नाहीत. एअर ब्रेकच्या तोंडी परीक्षेत नेमकं हेच विचारतात.

दुसरी, आरसे. लेन बदलण्याआधी तुम्ही आरशात पाहिलं हे परीक्षकाला दिसलं पाहिजे. नुसते डोळे फिरवले तर तो धरत नाही, मान हलू द्या.

तिसरी, निघण्यापूर्वीची तपासणी. आपल्याकडे टायरवर टॉमी मारून आवाज ऐकला की झालं. तिथे बोनेटपासून टेललाइटपर्यंत फिरत प्रत्येक भागाचं नाव आणि काय तपासलं ते बोलून दाखवायचं असतं: तेल, पाणी, बेल्ट, चाकाचे नट, एअर गळती, कपलिंगची पिन. त्यांची इंग्रजी नावं इथेच पाठ करा.

चौथी, ट्रेलर रिव्हर्स. दहा टायरीवर आयुष्य गेलेल्याला हे नवं असतं, कारण स्टिअरिंग ज्या बाजूला वळवाल त्याच्या उलट बाजूला ट्रेलरचं मागचं टोक जातं. एखाद्या ओळखीच्या ट्रान्सपोर्टच्या यार्डात रिकाम्या ट्रेलरवर हात बसवून घ्या. उजवीकडून वाहतूक असलेल्या देशांत चौकातल्या गोलाला उलट दिशेने वळसा घालायचा असतो आणि आधी डावीकडे बघायचं असतं, हे घरच्या टेबलावर चित्र काढून गिरवा.

१६. मेडिकल इथे पास झालो, तिथेही होईनच ना?

आरटीओचा फॉर्म १-ए आणि आखाताचं मेडिकल यांचा एकमेकांशी संबंध नाही. आखातासाठी ‘वाफिद’ पोर्टलवरून केंद्र मिळतं. छातीच्या एक्स-रेमध्ये जुन्या, बऱ्या झालेल्या क्षयाचा डाग दिसला किंवा हिपॅटायटिस निघाला तर अनफिट ठरवतात. म्हणून एजंटाला पैसे देण्याआधी साधा एक्स-रे आणि रक्ततपासणी जळगाव-धुळ्यातच करून घ्या. रंगांधळेपणा आणि इन्सुलिन चालू असणं या दोन गोष्टी युरोप-कॅनडात ट्रकच्या वर्गासाठी बारकाईने बघतात. लपवू नका, तिथल्या तपासणीत निघतातच.

१७. एजंट तीन लाख मागतोय, ‘लायसन्ससकट सगळं करून देतो’ म्हणतो.

परदेशी नोकरीसाठी नोंदणीकृत रिक्रूटिंग एजंटला उमेदवाराकडून घेता येणारं सेवाशुल्क जास्तीत जास्त ३०,००० रुपये अधिक जीएसटी आहे. त्याचा नोंदणी क्रमांक ई-मायग्रेट पोर्टलवर तपासा. फक्त नाव जुळून उपयोग नाही, पत्ताही जुळायला हवा, कारण खऱ्या एजंटच्या नावाने खोटी ऑफिसं चालतात. दहावी नसलेल्यांचा पासपोर्ट ‘ईसीआर’ (एमिग्रेशन चेक रिक्वायर्ड) असतो आणि आखात, मलेशिया वगैरे देशांसाठी एमिग्रेशन क्लिअरन्स, म्हणजे देश सोडून जाण्याची सरकारी मंजुरी, लागतो. तो टाळण्यासाठी व्हिजिट व्हिसावर पाठवतो म्हणणाऱ्याकडे जाऊ नका. त्या व्हिसावर ट्रकचं लायसन्स निघत नाही आणि क्लिअरन्ससोबत मिळणारा दहा लाखांचा प्रवासी भारतीय विमाही हातचा जातो.

१८. माझ्याकडे फक्त एलएमव्ही (हलक्या वाहनाचं लायसन्स) आहे, पिकअप चालवतो. ट्रकचालक म्हणून अर्ज करू का?

सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२४ मध्ये स्पष्ट केलं की एलएमव्ही लायसन्सवर ७,५०० किलोपर्यंतचं मालवाहू वाहन चालवता येतं. पण तो निकाल भारतापुरता. परदेशी कंपनीला जड वाहनाचा वर्ग दिसायला हवा. त्यासाठी वय किमान २० आणि एलएमव्ही काढून एक वर्ष झालेलं असावं लागतं. वर्ग आत्ताच जोडून घ्या, प्रश्न ५ मधलं घड्याळ त्या तारखेपासून सुरू होतं.

१९. परदेशात असताना इथलं लायसन्स संपलं तर? आणि तिथल्या ऑफिसने मूळ कार्डच ठेवून घेतलं तर?

मुदत संपण्याआधी एक वर्षापासून नूतनीकरणाचा अर्ज करता येतो, म्हणून सुट्टीवर याल तेव्हा तारीख बघून काम उरकून टाका. मुदत संपून एक वर्ष उलटलं तर इथेही पुन्हा परीक्षा द्यावी लागते.

स्थानिक लायसन्स देताना काही देश मूळ कार्ड काढून घेतात आणि देणाऱ्या देशाकडे पाठवतात. देण्याआधी दोन्ही बाजूंची रंगीत प्रत काढा आणि कार्ड जमा केल्याची पावती मागा. कार्ड हरवलं असं खोटं सांगून इथे डुप्लिकेट काढू नका. त्यासाठी खोटी पोलीस तक्रार द्यावी लागते, आणि पुढे तिकडून कार्ड परत आलं की तीच तक्रार तुमच्या फाइलला लागते. पावती दाखवून आरटीओकडे रीतसर अर्ज करा.